बादलीची सहल

गाडीत पाच माणसं, चार उशा, वीस लिटरची एक बादली, दहा-दहा लिटरचे दोन कॅन, एक थर्मामीटर, एक लोकरीची शाल आणि बाबांच्या बेकरीतले चौदा पाव होते. पाव निघताना सोळा होते. त्यातले दोन भाऊजींनी पहिल्या सिग्नलपर्यंतच संपवले. बादलीत सहा लिटर पातळ, फेसाळ, फिकट गुलाबी असं काहीतरी होतं. त्याचं तापमान सव्वीस अंश होतं आणि ते जिवंत होतं.

ही सगळी मोजदाद काटाने केली होती. घरातलं हे शेंडेफळ दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला होतं. लहानपणी बेकरीत पिठाचं वजन करायचं काम तिच्याकडे असायचं, आणि वजनाचा काटा अगदी मध्यावर थांबल्याशिवाय ती पिशवी खाली उतरवू द्यायची नाही. तेव्हापासून तिचं नाव काटाच पडलं. आत्ता ती मागच्या सीटवर मधोमध बसली होती, दोन्ही गुडघ्यांत बादली धरून. डावीकडे ताई, उजवीकडे ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी. पुढे बाबा. गाडी आई चालवत होती, कारण पाचांत न पिणारी ती एकटीच.

"गतिरोधक!" आई ओरडली. चौघांनी श्वास रोखला. काटाने बादली दोन बोटं वर उचलली, गाडी डुचमळली, बादली परत खाली आली.

"सांडलं?" ताईने विचारलं.

"थेंबभरही नाही."

"माझ्या पायावर काहीतरी ओलं लागतंय," भाऊजी म्हणाले.

"तो तुमचाच घाम आहे, भाऊजी."

सहल दोन महिन्यांपूर्वीच ठरली होती. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून ताईने त्यांना शनिवार-रविवार आसपासच्या वाइनरी दाखवायचं कबूल केलं होतं. ती स्वतः एका छोट्या वाइनरीत कामाला होती. चार वर्षं पिंपं धुतली, नळ्या ओढल्या, द्राक्षं निवडली. आणि यंदा मालकीणबाईंनी पहिल्यांदाच एक अख्खी टाकी तिच्या हवाली केली. चार नंबरची, सहाशे लिटरची. द्राक्षं कुठल्या दिवशी तोडायची इथपासून सगळं ताईने ठरवलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी रस जरा जास्तच तापतोय अशी तिला धास्ती वाटली आणि तिने टाकी गार केली. जरा जास्तच गार केली. साखर खाऊन दारू करणारं आतलं खमीर गारठलं आणि काम सोडून तळाशी जाऊन बसलं. रसात साखर उरली शंभरात सहा भाग, आणि गेले अकरा दिवस तो आकडा जागचा हलला नव्हता. सहा म्हणजे सहाच. ना धड रस, ना धड वाइन.

मालकीणबाई आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या, हीच खरी पंचाईत. "सोमवारी सकाळी नऊ वाजता मोजू," त्या म्हणाल्या होत्या. "आकडा खाली आलेला असला तर टाकी तुझी. नसला तर दहा वाजता व्हिनेगरवाला येईल. मला टाकी रिकामी हवी आहे." पुढच्या वर्षी काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ताईने विचारलं नाही. पिंपं धुवायचा ब्रश तिच्या ओळखीचा होता.

उपाय एकच होता. नवं खमीर थेट टाकीत टाकलं तर तिथल्या दारूने ते तासाभरात मरेल. म्हणून बादलीत थोडंसं वाढवायचं, त्याला दर चार तासांनी टाकीतला तोच अडलेला रस पाजायचा, आधी थोडा, मग दुप्पट, मग आणखी दुप्पट, आणि त्याला चव अंगवळणी पडली की सगळं मिळून टाकीत सोडायचं. ऊब मोडू द्यायची नाही, वेळ चुकवायची नाही. ताईने सहल रद्द करायला फोन केला तेव्हा बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बरोबर घेऊ की. तान्ह्याला घरी टाकून कुणी सहलीला जातं का?"

काटाने निघतानाच सांगून टाकलं होतं की यश मिळायची शक्यता तिच्या हिशेबाने तीस टक्के आहे.

"तुला कुणी विचारलं होतं?" ताई म्हणाली.

"विचारलं असतं तर पस्तीस सांगितले असते," भाऊजी म्हणाले. भाऊजी दातांचे डॉक्टर होते; दुखणाऱ्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायची त्यांना सवय होती.

पहिली वाइनरी काचेची होती. भिंती काचेच्या, जिना काचेचा, आणि माहिती सांगणारी मुलगीही इतकी नितळ बोलत होती की तिच्या वाक्यांना कुठे सांधा दिसत नव्हता. "या वाइनमध्ये तुम्हाला ओला दगड, पेन्सिल आणि वाळलेली पानं जाणवतील," ती म्हणाली.

बाबांनी ग्लासात नाक खुपसलं. "आणि द्राक्षं कधी जाणवतील?"

"तीही जाणवतील, काका. शेवटी."

काटाने वहीत लिहिलं: ओला दगड, नाही. पेन्सिल, असेल. कुठली पेन्सिल हे विचारायला हवं. आईने ग्लास नुसता हुंगला आणि म्हणाली, "शाळा सुरू झाल्यावर नवं दप्तर उघडतो ना, तसा वास आहे." मुलीने पटकन ते लिहून घेतलं.

मग तिने चव घ्यायची रीत दाखवली. घोट तोंडात फिरवायचा, जिभेवर खेळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुंकायचा. जाणकार गिळत नाहीत. दिवसभरात चाळीस वाइन चाखायच्या तर गिळून चालत नाही.

भाऊजींचा चेहरा उजळला. "आठ वर्षं मी लोकांना हेच सांगतोय," ते म्हणाले. "चूळ भरा, फिरवा, थुंका. मला कधी कुणी जाणकार म्हटलं नाही."

"तुम्ही दात ओढल्यावर सांगता," आई म्हणाली. "त्या वेळी माणूस काय म्हणणार?"

साडेअकराला सगळे गाडीपाशी परतले. बादलीची खायची वेळ झाली होती. काटाने थर्मामीटर बुडवला, पंचवीस. ताईने कॅनमधून टाकीतला सहा लिटर रस मोजून हळूहळू सोडला. बाबा बाही वर करून, निर्जंतुक केलेल्या लांब पळीने ढवळत राहिले. फेस क्षणभर दबला. तिघांनी माना खाली घातल्या. मग मधोमध एक बुडबुडा आला, त्याच्या शेजारी तीन, आणि हलकासा सूं असा आवाज सुरू झाला.

"घेतलं," बाबा म्हणाले.

शेजारच्या गाडीतल्या बाईंनी शालीत गुंडाळलेलं ते सगळं पाहिलं आणि हळूच विचारलं, "किती दिवसांचं आहे?"

"दीड," आईने सांगितलं. "पण भूक बघा."

दुपारी दुसरी वाइनरी. ही दगडी होती, बसकी, आणि एका आजोबांची. आजोबांनी बादली पाहिली, झाकण किलकिलं करून वास घेतला आणि काहीही न विचारता म्हणाले, "अडली का? कुठली टाकी?" ताईने सांगितलं. "माझीही एकदा अडली होती," ते म्हणाले. "तेव्हा मला केस होते." आणि त्यांनी बादली आत घ्यायला लावली, कारण बाहेर वारं सुटलं होतं आणि चाखायच्या खोलीत शेगडी पेटलेली होती.

पुढे जे झालं त्यातला अर्धा दोष काटाचा. शेगडीपाशी बादलीचं तापमान एकोणतीसवर गेलं. अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून तिने शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली, झाकण अर्धं सरकवलं, बादली शेगडीपासून दीड मीटर दूर, म्हणजे नेमकी टेबलाच्या टोकाशी नेली, आणि आकडा सव्वीसवर येताना बघून समाधानाने ताईबरोबर तळघर पाहायला गेली. बादली पांढरी होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आजोबांची थुंकायची बादली होती. तीही पांढरीच होती.

दोघी वर आल्या तेव्हा साडेतीन वाजत होते. भाऊजी डोळे मिटून, गाल फुगवून, अगदी तल्लीन होऊन घोट फिरवत होते. मग ते वाकले.

"भाऊजी!"

उशीर झाला होता. भाऊजींनी रुमालाने ओठ टिपले. "काय झालं? असंच करतात ना?"

"कशात थुंकलात?"

"बादलीत."

"कुठल्या?"

भाऊजींनी खाली पाहिलं. मग टेबलाच्या त्या टोकाकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या शालीच्या घडीकडे पाहिलं. आठ वर्षं लोकांना भूल देणाऱ्या माणसाचा चेहरा असा बधिर झालेला काटाने आधी कधी पाहिला नव्हता.

"किती वेळा?" ताईने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

"सहा वाइन होत्या. सहा." ते थांबले. "चौथी दोनदा घेतली. सात."

खोलीत नुसता बादलीचा सूं आवाज येत होता. खमिराला काही फरक पडला नव्हता, ते मजेत होतं. पण लोकांनी प्यायच्या वाइनमध्ये ते आता जाणार नव्हतं, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. ताई एका उपड्या पिंपावर बसली. तिने हात मांडीवर ठेवले आणि तळव्यांकडे बघत राहिली. तळवे द्राक्षांच्या सालींनी जांभळे पडलेले होते. महिनाभर घासूनही तो रंग निघत नाही.

"शाल मी काढली," काटा म्हणाली.

"थुंकलो मी," भाऊजी म्हणाले. "अगं, मी खरंच..."

"नको ना आत्ता," ताई म्हणाली. "थोडा वेळ कुणीच काही बोलू नका."

 तेवढ्यात फुस्स असा एक लांब आवाज आला. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

"अहो, सकाळपासून चाललंय तुमचं," आई कुजबुजली. "चार पाव खाल्लेत. काही घेता का पोटाला?"

"पोट नाही ते," बाबा म्हणाले. त्यांनी जाकिटाची चेन खाली ओढली आणि आतून चहाचा थर्मास काढला. झाकण जरासं सैल होतं आणि त्याच्या कडेने बारीक गुलाबी फेस येत होता. ते अपराध्यासारखे उभे होते. "सकाळी निघताना बादलीतलं थोडं काढून घेतलं. सवय आहे. तुम्ही हसाल म्हणून बोललो नाही."

ताई उठून उभी राहिली. "कसली सवय?"

"खमीर सगळं कधी वापरायचं नाही. ओंजळभर मागे ठेवायचं. उद्याचे पाव कशाचे करणार?" बाबा म्हणाले. "तीस वर्षं रोज ठेवतोय. हात आपोआप जातो."

"आणि साडेअकराला पाजलंत त्याला?"

"प्रसाधनगृहात. तुमच्या कॅनमधला एक कप घेतला होता. काटाच्या नजरेतून सुटला तो."

काटाला कॅनचा हिशेब आठवला. तिला वाटलं होतं मोजपात्राचीच चूक आहे. बाबांनी झाकण फिरवलं मात्र, ते टप्पकन उडून छताच्या तुळईला लागलं आणि आजोबांच्या खांद्यावर येऊन पडलं. आजोबांनी ते उचललं, हुंगलं, चाटलं. "धडधाकट आहे," ते म्हणाले.

ताईने बाबांना मिठी मारली, थर्माससकट. मग ती वळली आणि नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग हसायला लागली, इतकं की तिला पुन्हा पिंपावर बसावं लागलं. "सात वेळा," ती म्हणत होती. "चौथी दोनदा!"

"चौथी खरंच चांगली होती," भाऊजी म्हणाले.

"चौथी माझी आवडती," आजोबा म्हणाले, आणि सगळ्यांसाठी तिचेच ग्लास भरू लागले.

काटाने त्यांच्याकडून मोजपात्र मागून घेतलं. थर्मासमध्ये आठशे पन्नास मिलिलिटर होतं. वहीत तिने भराभरा लिहिलं. चारला पावणेदोन लिटर, आठला साडेतीन, बाराला सात, पहाटे चारला पावणेचौदा. सकाळनंतर आणखी एकदा दुप्पट, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस. टाकीला तीस तरी हवं. रविवारी संध्याकाळपर्यंत जेमतेम जमेल. कॅनमध्ये पावणेचौदा लिटर रस उरला होता, लागणार होता तेरा. "जमतंय," ती म्हणाली. "एकही वेळ चुकली नाही तर."

"किती टक्के?" भाऊजींनी विचारलं.

"आत्ता विचारू नका."

आजोबांनी उकळत्या पाण्याने धुतलेली स्वतःची एक बादली दिली. तिच्यावर भाऊजींनी जाड पेनने, आपण दवाखान्यात लावतो त्या पाटीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं: येथे थुंकू नये. त्यानंतर दोन्ही दिवस प्रवासात त्यांनी बादली दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. गाडीत ती त्यांच्या मांडीवर होती, त्यांच्या कोटात गुंडाळलेली, आणि प्रत्येक गतिरोधकाला ते तिला "काही नाही, काही नाही, झालंच" म्हणत होते. बहुधा पेशंटलाही तसंच म्हणत असावेत.

मुक्कामाच्या लॉजमध्ये हीटर नव्हता. बारा आणि चारच्या वेळा बाबांनी घेतल्या. त्या वेळी ते एरवीही भट्टीपाशीच असतात. सकाळी काटा थर्मामीटर घेऊन आई-बाबांच्या खोलीत गेली, तर पलंगावर आई एका कडेला, बाबा दुसऱ्या कडेला, आणि मधे गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेली बादली.

"लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून सहलीला आणलं," आई छताकडे बघत म्हणाली. "आणि मधे ही सवत."

"पावणेचौदा लिटर," काटा म्हणाली. "चोवीस अंश. आई, तू ग्रेट आहेस."

"मी काही केलं नाही. पाय गार पडले तेव्हा हिलाच चिकटून झोपले."

पण फेस कमी होता. सूं आवाज होता, पण कान लावला तरच. खमीर दमलं होतं. नुसता अडलेला, दारू झालेला रस पिऊन पिऊन त्याची ताकद संपत आली होती. त्याला थोडा ताजा, गोड रस हवा होता, आणि हंगाम सरत आलेला असताना तो कुणाकडे मिळायचा?

तिसरी वाइनरी दोन जावांची होती. एक धाकटी, एक थोरली, आणि दोघींचं एकमेकींशी एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. "गुलाबाचा वास येतो," धाकटी म्हणायची. "अत्तर सांडलंय तुझं," थोरली म्हणायची. ताईने रसाचं विचारल्यावर दोघी पहिल्यांदा एकदम बोलल्या: "आहे." उशिरा पिकलेली द्राक्षं त्यांनी आदल्याच दिवशी चेपली होती. थोरलीने तीन लिटर रस काढून दिला, धाकटीने बादली बॉयलरच्या खोलीत नेली, आणि तिथे कोमट केलेला रस बाबांनी एकेक कप करत पाजला. पंधरा मिनिटं गेली. वीस. धाकटीने सगळ्यांना तिथेच ग्लास आणून दिले, म्हणून बॉयलरच्या खोलीत, गरम पाइपांमध्ये उकिडवं बसून पाचजणांनी आणि दोन जावांनी उशिरा पिकलेल्या द्राक्षांची गोड वाइन चाखली. आईनेही जीभ लावली.

काटाने घोट घेतला आणि वही उघडली. ओला दगड नाही, पेन्सिल नाही. आधी जर्दाळू आला, मग मध, मग कुठलीतरी लिंबाची साल, आणि घोट गेल्यावरही कितीतरी वेळ तोंडात ऊन पडल्यासारखं राहिलं. याला एकक काय लावायचं ते तिला सुचेना. पेन्सिल हातात तशीच राहिली.

"काय लिहिलंस?" ताईने वाकून पाहिलं. पान कोरं होतं. "बाबा, बघा! काटाला मोजता आली नाही अशी गोष्ट सापडली!"

"गप्प बस. जरा आवाज ऐक."

सगळ्यांनी बादलीकडे कान केले. बादलीतून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज येत होता, आणि फेस 'येथे'च्या मात्रेपर्यंत चढला होता.

"अजून एक बाटली काढू का?" धाकटी जाऊ म्हणाली.

"तीन काढ," थोरली म्हणाली. दुसऱ्यांदा एकमत.

दुपारी दोनला ते ताईच्या वाइनरीत पोचले. टाकी गार ठेवणारं यंत्र ताईने शुक्रवारीच बंद केलं होतं, भोवती उशा आणि गोधड्या बांधल्या होत्या. टाकी आता एकोणीस अंशांवर आली होती. मोठ्या पिंपात शेवटची दुप्पट झाली. चौतीस लिटर. संध्याकाळी सहाला पंप न लावता, धक्का बसू नये म्हणून, सगळ्यांनी रांग लावून तांब्यातांब्याने ते टाकीत सोडलं. भाऊजी शिडीवर, त्यांच्याखाली ताई, मग काटा, मग बाबा. आई प्रत्येक तांब्याला मोठ्याने आकडा म्हणत होती. चौतिसावा ओतल्यावर काटाने टाकी नीट ढवळायला लावली आणि नमुना काढला. काचेच्या उभ्या नळीत हायड्रोमीटर सोडला, तो डुलला, थांबला. हा काचेचा तरंगता मापक रसात जितका बुडेल तितकी साखर कमी.

"पाच पूर्णांक नऊ," ती म्हणाली. "हा आपला सुरुवातीचा आकडा. आता सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"सकाळी पाच पूर्णांक आठ आला तर?" ताईने विचारलं.

"एक दशांश म्हणजे माझ्या डोळ्यांची चूक असू शकते. दोन दशांश तरी हवा. नाहीतर मी मालकीणबाईंना आकडा खाली आला म्हणून सांगणार नाही."

"सख्खी बहीण आहेस ना माझी?"

"म्हणूनच."

ताईने हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "बरोबर आहे. दोन दशांश." आणि जाऊन टाकीला पाठ टेकून जमिनीवर बसली. बाबांनी तिच्या हातात पाव दिला. शेवटचा होता, तिने त्याचे पाच तुकडे केले.

सोमवारी काटाने डेअरीत अर्ध्या दिवसाची रजा सांगितली, भाऊजींनी सकाळचे तीन पेशंट पुढे ढकलले आणि बाबांनी बेकरी कामगारांवर सोपवली. आई आपली येऊन उभी राहिली. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. पावणेनऊला मालकीणबाई आल्या. दारात इतकी माणसं बघून त्यांनी भुवई वर केली.

"हे सगळे कोण?"

"घरचे," ताई म्हणाली.

"आणि ही बादली?"

भाऊजींनी बादली पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. मालकीणबाईंनी तिच्यावरची अक्षरं वाचली, काही विचारलं नाही, चष्मा लावला. ताईने नळ उघडून नळी भरली. आईने तिच्या मनगटाखाली आपला हात धरला. काटाने पोटाशी घेऊन नमुना थोडा गरम केला, बुडबुडे उडवले, कारण बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून वर ढकलतात आणि आकडा खोटा दाखवतात. मग तिने नळी सपाट ओट्यावर ठेवली, गुडघे टेकून डोळे रसाच्या पातळीला आणले. बाहेर व्हिनेगरवाल्याचा ट्रक तासभर आधीच येऊन थांबल्याचा आवाज आला. कुणीही मान वळवली नाही.

हायड्रोमीटर डुलला, फिरला, थांबला. तिने आकडा लिहिला, नळी रिकामी केली, पुन्हा भरली. तिसऱ्यांदा मालकीणबाईंनी स्वतः वाकून पाहिलं.

सकाळी नऊ वाजून चार मिनिटं, रस वीस अंश. काल संध्याकाळी पाच पूर्णांक नऊ; आज पहिलं वाचन पाच पूर्णांक चार, दुसरं पाच पूर्णांक तीन, तिसरं पाच पूर्णांक चार.